मुकं जनावर, बोलका मालक: पावसाळ्यातली पत्रं

यावेळी गठ्ठा जरा जास्तच मोठाय. पाऊस सुरू झाला की असं होतंच, गोचीड, खाज, कान, जुलाब सगळं एकदम वर येतं. सगळी पत्रं वाचली, सगळी छापता येणार नाहीत. पण वाचताना एक गोष्ट सारखी खटकली ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं प्रत्येकाला वेगळं रागवायला नको. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "दोन दिवस वाट बघितली". आणि त्या दोन दिवसांत घरातल्या औषधाच्या डब्यातलं काहीतरी देऊन झालेलं असतं. आणि हो, तुमचं पत्र येऊन, उत्तर लिहून, अंक छापून होईपर्यंत महिना जातो, त्यामुळे "आत्ता उलट्या करतोय, काय करू" असं इथं लिहू नका, रिक्षा बोलवा.

मॅडम, आमचा लॅब्राडोर कुत्रा आहे, शेरू, वय 4. गेल्या महिन्यात जेवण सोडलं, मरगळून पडायचा, नाकातून रक्त आलं तेव्हा घाबरून दवाखान्यात नेलं. टिक फिवर निघाला, प्लेटलेट 48 हजार. डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) 28 दिवसांच्या गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी पठ्ठ्या एकदम टणटणीत, चप्पल पळवायला लागला, मग उगाच एवढ्या गोळ्या कशाला म्हणून बंद केल्या, तशीही गोळी पेढ्यात घालून द्यावी लागायची. पपईच्या पानांचा रस मात्र चालू ठेवला. आता परत जेवत नाहीये. आणि गोचीड काही जात नाहीत, रोज पंधरा-वीस काढतो. शेजारचे काका म्हणतात गोठ्यातलं गोचिडाचं औषध पाण्यात घालून अंगाला लावा. लावू का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही, लावू नका. काकांचा हिशोब म्हशीचा आहे. कुत्रं दिवसभर स्वतःचं अंग चाटत बसतं, आणि ते औषध पाण्यात किती घालायचं हे बाटलीच्या झाकणानं अंदाजे ठरतं, मग संध्याकाळी लाळ गळतेय, पाय थरथरतायत म्हणून गाडीत घालून आणतात. घरात मांजर असेल तर आणखीनच जपा. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजराला त्यानं फिट्स येतात, जीव जातो, औषध ओलं असताना नुसतं कुत्र्याला चिकटून झोपलं तरी पुरतं.

आता गोळ्यांचं. हा ताप एर्लिकिया नावाच्या जंतूचा. गोचीड चावला की तो रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन बसतो. डॉक्सीसायक्लिन सुरू झाली की दोन-तीन दिवसांत कुत्रं उठून बसतं, आणि तिथंच सगळे फसतात. कुत्र्याला बरं वाटणं वेगळं आणि जंतू संपणं वेगळं. मधेच सोडलं की उरलेले प्लीहेत दबा धरून बसतात, महिन्यांनी, कधी वर्षांनी परत येतात, आणि तेव्हा हाडांतल्या मगजात, जिथं रक्त तयार होतं, तिथंच बिघाड सुरू झाला तर मग आमच्याही हातात फार काही राहत नाही. 28 दिवस म्हणजे 28 दिवस. शेरूला उद्याच परत न्या, कोर्स कुठं सोडला ते खरं खरं सांगा, लाजू नका, आम्हाला सवय आहे.

पेढ्याचं राहिलंच. दूध, दही, पेढा यातल्या कॅल्शियमला हे औषध चिकटून बसतं आणि सगळं अंगी लागत नाही. चपातीच्या तुकड्यात नाहीतर उकडलेल्या चिकनमध्ये द्या आणि वर पाणी पाजा, कारण गोळी घशात अडकून राहिली तर अन्ननलिकेला जळजळ होते. रिकाम्या पोटी देऊ नका. पपईच्या पानानं हा जंतू मरत नाही. डेंग्यूला लोक देतात म्हणून ते इकडं आलंय, कडूजहर असतं, आधीच न जेवणारं कुत्रं त्यानं अजून ओकतं.

परत न्याल तेव्हा बबेसिया नावाचा दुसरा जंतू आहे का तेही बघायला सांगा. तोही गोचिडातूनच येतो, पण तांबड्या पेशी फोडतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, आणि त्याला नुसती डॉक्सी पुरत नाही. दोन्ही एकदम असलेली कुत्री आपल्याकडं भरपूर बघितलीत.

आणि खरा मुद्दा आता. रोज पंधरा-वीस काढताय म्हंजे गोचिडांची खरी वस्ती शेरूवर नाहीच, ती तुमच्या भिंतीत आहे. रात्री मोबाईलचा टॉर्च घ्या आणि तो झोपतो त्या कोपऱ्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर धरा, मग दाराच्या चौकटीमागं, मग कुंड्यांखाली. वाटाण्याएवढी राखाडी फुगलेली दिसेल ती मादी, रक्त पिऊन खाली उतरलेली. तिच्याशेजारी तपकिरी खसखशीसारखा पुंजका असेल तर ती अंडी, एकेक मादी हजारांनी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, कात टाकतं, परत चढतं, असं तीनदा. म्हणजे तुम्ही कुत्र्यावरचे वेचताय तोवर भिंतीत पुढची बॅच तयार. फटी व्हाइट सिमेंटनं बुजवा, शेरूला दिवसभर दुसरीकडं ठेवून कोपऱ्यांत पेस्ट कंट्रोल करा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि जोडीला डॉक्टरांकडून वजनाप्रमाणं खायची गोळी घ्या. फ्लुरालानेरची एक गोळी 12 आठवडे चालते, अफॉक्सोलानेरची महिनाभर. किंमत ऐकून डोळे पांढरे होतात मान्य, पण आत्तापर्यंतच्या रक्ततपासण्यांची बिलं काढून बघा. कधी फिट आली असेल तर मात्र या गोळ्यांआधी डॉक्टरांना सांगा. किमान तीन महिने नेटानं करावं लागतं.

हातानं काढायचा झाला तर चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायचा, साबणाच्या पाण्यात टाकायचा. नखानं चिरडायचा नाही. रॉकेल नाही, काडी पेटवून चटका नाही. हे अजून करतात लोक, खरंच करतात.

आमच्या मांजरीचे कान गरम लागत होते म्हणून थर्मामीटर लावला तर 101.5 ताप. रविवार होता, मुलाची पॅरासिटामॉल होती त्यातली अर्धी गोळी दिली. संध्याकाळी तोंड सुजलं, धापा टाकायला लागली. दवाखान्यात चार दिवस ठेवली, वाचली. पण डॉक्टर आमच्यावर ओरडले ते जरा जास्तच वाटलं, लहान बाळांना चालतं ते औषध, मग असं कसं? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, मी पण ओरडले असते. पण तुम्हाला माहीत नव्हतं हेही खरं, आणि लपवलं नाहीत म्हणूनच वाचली.

पहिली गोष्ट, तिला ताप नव्हताच. मांजर असो की कुत्रं, 101 ते 102.5 हे त्यांचं रोजचं तापमान आहे. आपल्या 98.6 च्या हिशोबानं बघितलं की गल्लीतलं प्रत्येक कुत्रं तापानं फणफणलेलं निघेल. 103 च्या वर गेलं की ताप म्हणा.

दुसरं, माणसाचं लिव्हर पॅरासिटामॉलला ज्या वाटेनं बाहेर काढतं ती वाट मांजरांकडं जवळपास नाहीच. त्यामुळे त्याचं विष बनतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना ऑक्सिजन वाहता येत नाही. हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर श्वास घेत असतं पण त्याचा उपयोग होत नाही. मोठ्या मांजराला एक गोळी मारू शकते, पिल्लाला त्याहून कितीतरी कमी. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसांनी जास्त गोळ्या खाल्ल्या तर देतात तोच, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर.

कुत्र्याच्या मालकांनी इथं हुश्श करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, किडन्या बसतात. डायक्लोफेनॅकचं तर आपल्याकडं सगळ्यांना पाठ पाहिजे. ते दिलेली गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडंच संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. मेडिकलमध्ये आपल्यासाठी मात्र मिळतंच, आणि डब्यात असतंच.

बोका, 5 वर्षं, नसबंदी झालेला, घरातच असतो, फक्त कोरडं फूड खातो. सारखा लिटर बॉक्समध्ये (त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाऊन कुंथायचा. बद्धकोष्ठ वाटलं म्हणून इसबगोल दिलं, एरंडेल दिलं. दुसऱ्या दिवशी ओकला आणि आडवा झाला. लघवी अडकली होती, नळी घालून काढली. आता बराय. परत होऊ नये म्हणून काय करायचं? (एक वाचक, नाशिक)

हे पत्र आलं तेव्हा मी आमच्या घरच्या बोक्याला आधी उचलून पोट दाबून बघितलं. खरंच.

बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट बुच अडकलं की झालं. मूत्राशय फुगून संत्र्याएवढं टणक होतं, लघवी मागं तुंबते, किडनी काम थांबवते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. हे सगळं एक-दोन दिवसांत. तुमचा दुसऱ्या दिवशी आडवा झाला तो त्यामुळे. कुंथणारा बोका हा बद्धकोष्ठाचा नसून लघवीचा पेशंट आहे असंच धरून चालायचं, खोटं ठरलं तर आनंद आहे. ओळखायचं कसं, तर लिटरमध्ये लघवीचे गोळे रोज किती होतात ते मोजायची सवय लावा. रोज तीन होतायत आणि आज एकही नाही, वर तो खालचा भाग सारखा चाटतोय, ओरडतोय, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा.

पुढं काय, तर पाणी. मांजराला मुळात तहान कमी लागते आणि कोरड्या फूडमध्ये पाणी जवळपास नसतंच. निम्मं जेवण तरी ओलं करा, पाऊचमधलं किंवा उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, मीठ मसाला काही नाही. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट, आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवा. काहींना वाहतं पाणीच लागतं, नळाखाली बसतात ते. खडे कोणते आहेत ते तपासून घ्या. स्ट्रुव्हाइट असतील तर डॉक्टरांच्या खास फूडनं विरघळतात, ऑक्झलेट विरघळत नाहीत, त्यामुळे दुकानदार सांगेल ते "युरिनरी"वालं पाकीट उचलू नका. वजन वाढलेलं असेलच, ते उतरवा. आणि घरात गणपतीला पंधरा पाहुणे, नवीन सोफा, रंगकाम असलं काही निघालं की त्याला एक शांत खोली आणि स्वतःचा लिटर बॉक्स द्या. टेन्शननं मूत्राशयाला सूज येते मांजरांच्यात, ऐकून लोक हसतात, पण येते.

आमचा मिठू (हिरवा पोपट) 6 वर्षांचा आहे, मिरची आणि डाळ सोडून काही खात नाही, आता पिसं उपटतोय. (एक वाचक, अकोला)

मिरची-डाळीवर सहा वर्षं काढली त्यानं, त्याचंच कौतुक वाटतं. जीवनसत्त्व अ ची कमतरता असणार, आणि कंटाळा, पिंजऱ्यात एकटा दुसरं काय उपटणार. पण आधी हे ऐका, आपला हिरवा राघू 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरात ठेवता येत नाही, "पूर्वीपासून आहे" हे कारण चालत नाही. वनखात्याशी बोला. परस्पर सोडून देऊ नका, सहा वर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट झाडावर आठवडा काढणार नाही. बजरीगार वगैरे परदेशी पक्षी वेगळे, पण ते पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये, नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतात.

आमची पॉमेरियन, 8 वर्षं, दीड महिन्यापूर्वी हीटवर (माजावर) येऊन गेली. आता पाणी खूप पिते, जेवत नाही, पोट मोठं दिसतंय. प्रेग्नंट नाही हे नक्की. शुगर झाली असेल का? एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची म्हणून ऑपरेशन केलं नव्हतं. (एक वाचक, पुणे)

तुमचं पत्र ज्या दिवशी हातात पडलं त्याच दिवशी संपादकांना सांगून तुम्हाला फोन करायला लावला, बाकीच्यांसाठी इथं लिहितेय. शुगर नव्हती, गर्भाशयात पू झाला होता. पायोमेट्रा. नसबंदी न केलेल्या मध्यम वयाच्या कुत्रीत, हीट होऊन महिना-दोन महिने गेले की येतो, आणि लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तीच. खालून घाण वास येणारा स्राव दिसला तर निदान लगेच होतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर थेंब येत नाही आणि आत पिशवी भरत जाते. तो जास्त वाईट. सोनोग्राफीत दिसतं, आणि उपाय म्हणजे गर्भाशय काढणं, तेही आजच. नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलेल्या कुत्र्या परत येतात, कधी येत नाहीत.

एकदा पिल्लं झाली की कुत्री निरोगी राहते हे कुठून आलं मला माहीत नाही, पण पंचवीस वर्षं ऐकतेय. तसं काही नसतं. उलट लवकर ऑपरेशन केलं तर पायोमेट्रा होत नाही आणि स्तनाच्या गाठी पण कमी होतात.

पर्शियन पिल्लू आणून महिना झाला, कानामागं आणि नाकावर केस गेलेत, आता मुलीच्या दंडावर गोल चट्टा आलाय. सासूबाई म्हणतात मांजर देऊन टाका. (एक वाचक, ठाणे)

सासूबाईंचं निदान बरोबर आहे, उपाय चुकलाय. मांजराकडूनच आलंय, गजकर्ण, बुरशी आहे. पर्शियन पिल्लांच्यात इतकं कॉमन आहे की विकत घेतानाच कानामागं बघून घ्यावं. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडं न्या, पिल्लाला आमच्याकडं. मेडिकलमधली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब दोघांपैकी कुणालाच लावू नका, चार दिवस खाज थांबते आणि चट्टा आतून पसरतो. पिल्लाला पोटातून औषध आणि बुरशीच्या शांपूनं अंघोळ, दीड-दोन महिने, एका खोलीत ठेवून. गळलेल्या केसात ही बुरशी वर्षभर जिवंत राहते, म्हणून गाद्या, सोफा रोज व्हॅक्यूम करा, फरशी पातळ ब्लीचनं पुसा. आणि डेटॉल पिल्लाच्या अंगाला नको, टी ट्री ऑइल नको. मांजर चाटतं, आणि ते मांजराला विष आहे.

आमचं पिल्लू अडीच महिन्यांचं, रेबीजची लस अजून व्हायचीय. खेळताना मुलाच्या बोटाला दात लागून रक्त आलं. घरातलंच आहे, तरी इंजेक्शन घ्यायचं का? (एक वाचक, रत्नागिरी)

हो. घरातलं म्हणजे तुमच्या घरात येऊन किती दिवस झाले? त्याआधी त्याला किंवा त्याच्या आईला कोण चावलं हे तुम्हाला ठाऊक नाही. जखम नळाखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार वाटतात पण तेवढी लागतात. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग सरकारी दवाखाना, तिथं लस मिळते, कातडीतली असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलंय म्हणून लसीबरोबर जखमेत सीरम (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) द्यावं लागेल का तेही तिथं विचारा. पिल्लावर 10 दिवस लक्ष ठेवायचंच, पण दहा दिवस बघून मग मुलाला टोचू असं नाही, टोचायला आजच सुरुवात. पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे जुन्या काळातलं, आता दंडातच देतात. पिल्लाला तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी.

कुत्र्याचं नाक कोरडं पडलं म्हणजे ताप असतो का? (एक वाचक, इयत्ता सहावी, सातारा)

नाही रे बाळा. झोपून उठलेल्या प्रत्येक कुत्र्याचं नाक कोरडं असतं, पंख्याखाली तर असतंच. ताप थर्मामीटरनंच कळतो, आणि तो शेपटीखाली लावावा लागतो, मोठ्या माणसाला धरायला सांगून, टोकाला थोडं व्हॅसलीन लावून. काचेचा नको, डिजिटल घ्या. कुत्र्यासाठी वेगळा घ्या आणि त्याच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात कुत्र्याचं नाव लिहा. आमच्याकडं एकदा लिहायचं राहिलं होतं.